टाचणाबाहेरचा पाठ

शिक्षकाने वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी त्या दिवशीच्या पाठाचे टाचण काढलेले असावे, त्यात उद्दिष्टे, पूर्वज्ञान, शैक्षणिक साहित्य, अध्यापनाचे टप्पे आणि मूल्यमापनाचे प्रश्न क्रमवार लिहिलेले असावेत, आणि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यासमोर ती वही विनाविलंब हजर करता यावी, असा जो परिपाठ आपल्या शिक्षणखात्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, त्याचा उगम कोणत्याही वाईट हेतूत नाही. पूर्वतयारीवाचून शिकवणे हा मुलांच्या वेळेचा अपहार आहे, आणि तो होऊ नये म्हणून कोणीतरी लक्ष ठेवले पाहिजे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु तयारीचा पुरावा म्हणून जी वही सुरू झाली ती हळूहळू तयारीची जागाच घेऊन बसली, वहीत जे लिहिले तेवढेच वर्गात घडावे अशी अपेक्षा निर्माण झाली, आणि वर्गात समोर बसलेल्या मुलाच्या तोंडून अनपेक्षितपणे निघालेला प्रश्न हा पाठातला व्यत्यय मानला जाऊ लागला. उत्तम अध्यापनाचा प्राण त्या अनपेक्षित प्रश्नाला शिक्षक जो प्रतिसाद देतो त्यात असतो, आणि त्या प्रतिसादासाठी लागणारे प्रसंगावधान जपण्याची कोणतीही तजवीज आपल्या शाळाव्यवस्थेने केलेली नाही, हे मला या लेखात सांगायचे आहे.

अध्यापक विद्यालयांतून आणि बी. एड. महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या प्रत्येक शिक्षकाला हर्बार्टची पंचपदी ठाऊक असते. किंबहुना सराव पाठांच्या दिवसांत ती पाठ न करता कोणाची सुटका होत नसे. तथापि या पाच पायऱ्यांना आज जे ठाशीव रूप आहे ते हर्बार्टच्या पश्चात त्याच्या अनुयायांनी दिले. खुद्द या जर्मन तत्त्वज्ञाने १८०२ साली, ऐन तारुण्यात, गटिंगेन येथे शिक्षणशास्त्रावर जी व्याख्याने दिली त्यांत त्याने अध्यापकाच्या तत्काळ निर्णयशक्तीला, म्हणजे आपण ज्याला प्रसंगावधान म्हणतो त्या गुणाला, सिद्धान्त आणि व्यवहार यांच्या मधोमध मानाचे स्थान दिले होते. हा गुण केवळ प्रत्यक्ष शिकवण्यातून घडतो आणि शास्त्राचा अभ्यास त्याची मशागत करतो, असे त्याचे प्रतिपादन होते. ज्याच्या नावाने आपण शिक्षकाला पायऱ्यांत बांधले, त्याने स्वतः शिक्षकाच्या मोकळ्या बुद्धीवर भिस्त ठेवली होती. अनुयायांच्या हातून मूळ विचारातला जिवंत अंश निसटतो आणि साचा तेवढा उरतो, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासात वारंवार घडलेली आहे. तिचा आपल्या वऱ्हाड-नागपूर मुलखातला एक दाखला पुढे येणारच आहे.

प्रसंगावधान म्हणजे नेमके काय, हे व्याख्येने सांगण्यापेक्षा एक प्रत्यक्ष पाहिलेला तास सांगतो. नागपूर जिल्ह्यातल्या एका लहान शाळेत, पोळ्याच्या पाठोपाठ येणाऱ्या तान्ह्या पोळ्यानंतरच्या दिवशी, मी काही कामानिमित्त गेलो होतो. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला मुले चाके लावलेले लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मिळवतात, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. घर्षण हा पाठ होता, आणि बाईंच्या टाचणात व्याख्या, प्रकार, फायदे-तोटे आणि दैनंदिन जीवनातील उदाहरणे असा नेटका क्रम होता. एका मुलाने कोणाचे लक्ष नाही असे पाहून दप्तरातला बैल बाकाखाली काढला होता. त्याचे एक चाक अडत होते. बाईंच्या ते ध्यानात येताच वर्ग क्षणभर चिडीचूप झाला, आणि त्या मुलाने, रागावणे टाळावे म्हणून की खरोखरच्या कुतूहलाने, विचारले, "मॅडम, हा काऊन नाही चालून राहिला?"

बाईंनी बैल जप्त केला नाही; टेबलावर ठेवला, चाक फिरवून पाहिले आणि वर्गाला विचारले की कोणाला काय वाटते. पाच-सहा उत्तरे आली. आस बारीक आहे, माती अडकली, रंग भोकात गेला, तेल पाहिजे. चौथ्या उत्तरावर एक मुलगी पोषण आहाराच्या खोलीतून चमचाभर तेल घेऊन आली आणि चाक सुटले. इथेच थांबून पाठाकडे वळता आले असते, आणि तेही वाईट झाले नसते. पण बाईंनी दोन पुस्तकांवर फळी टेकवून उतार केला, बैल वरून सोडला, तो फरशीवर कुठवर जातो तिथे खडूने रेघ मारली. मग फरशीवर गोणपाट अंथरले आणि पुन्हा सोडला. तिसऱ्या खेपेला वर्ग अंगणातल्या मातीवर आला. मुले वितीने अंतर मोजू लागली तेव्हा विती सारख्या नाहीत यावरून भांडण झाले आणि पट्टी आणावी लागली. हे सगळे चालू असताना बाईंनी मध्येच एक प्रश्न टाकला: प्रत्येक वेळी बैल एकाच उंचीवरून सोडायचा असे मी म्हणते, ते कशासाठी? या एका प्रश्नाने तो खेळ प्रयोग झाला.

त्यानंतर तेल आणणाऱ्या मुलीने विचारले, "याच्या पाठीवर डस्टर बांधलं तर कमी जाईन ना?" सगळ्या वर्गाचे मत कमी जाईल असेच पडले. बाई म्हणाल्या, मलाही नक्की सांगता येणार नाही, करून पाहू. डस्टर सुतळीने बांधून बैल फरशीवर सोडला, तर तो जवळजवळ पहिल्याच रेघेपाशी थांबला. मुलांचा विश्वास बसेना. पुन्हा सोडला, पुन्हा सोडला. वजन वाढले की आसावरचे घर्षण वाढते हे खरे, पण उतारावरून येताना जड बैलाजवळ गतीचा साठाही त्याच प्रमाणात अधिक असतो आणि म्हणून दोन्हींचा हिशेब जवळपास फिटतो, हे स्पष्टीकरण त्या दिवशी कोणी दिले नाही. घंटा झाली आणि प्रश्न तसाच लोंबकळत घरी गेला. माझ्या मते तो तास तिथेच तुटला हे फार चांगले झाले. जाताना बाईंनी मला चिंतेने विचारले, की आता वहीत काय लिहू, कारण प्रकार आणि फायदे-तोटे राहिलेच.

या तासाकडे पाहून कोणी म्हणेल की ही केवळ हुशारी, उपजत देणगी. ज्याला असते त्याला असते. हे मत मला सर्वथा अमान्य आहे. बैल एकाच उंचीवरून सोडला पाहिजे हे ज्याला ऐनवेळी सुचते त्याच्या मनात प्रयोगाची शिस्त आधीपासून मुरलेली असते; घर्षण या विषयाचा आवाका ज्याला माहीत नाही, त्याने त्या दिवशी बैल दप्तरात ठेवायला सांगून व्याख्या फळ्यावर लिहिली असती, आणि स्वतःच्या अज्ञानाच्या भीतीने लिहिली असती. ज्याची तयारी कमी असते तो शिक्षक टाचणाला घट्ट धरून राहतो. ज्याची तयारी उदंड असते त्यालाच ते खाली ठेवण्याची हिंमत होते. गाण्याच्या मैफलीत जे उत्स्फूर्त वाटते त्याच्या मागे काय असते, हे नागपूरकरांना तरी सांगण्याची गरज नसावी, कारण सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला ज्यांचे नाव आहे त्या वसंतराव देशपांड्यांचा सांगीतिक पाया याच शहरात, शंकरराव सप्रे यांच्या हाताखाली घातला गेला. पुढे लाहोरला असद अली खाँ यांनी त्यांना महिनोन्‌महिने एकट्या मारव्याचीच तालीम दिली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एका रागात इतके खोल उतरलेला गायकच पुढे कोणत्याही रागात, कोणत्याही क्षणी, पूर्वी न घेतलेली जागा घेऊ शकतो. वर्गातली गोष्ट याहून वेगळी नाही.

मराठी शिक्षणाच्या इतिहासात प्रसंगावधानाचे सर्वांत मोठे काम कोणी केले असेल तर ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींनी. ताराबाईंचा संसार काही वर्षे अमरावतीस होता, म्हणून विदर्भाला त्यांच्याविषयी थोडा अधिक आपलेपणा वाटावा. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांनी बालशिक्षणाचे जे शास्त्र आत्मसात केले ते माँटेसोरीचे होते, म्हणजे अत्यंत आखीव, ठराविक मापाच्या साधनांवर उभारलेले आणि खर्चाचे. १९४५ साली हे शास्त्र घेऊन त्या बोर्डीला गेल्या, आणि तिथे असे आढळले की बालवाडी नीट मांडून ठेवली तरी दलित वस्तीतली मुले नियमाने तिच्याकडे येत नाहीत. सामान्य प्रशासकाने या ठिकाणी गैरहजेरीचा तक्ता तयार केला असता. ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि मुलांच्या अंगणात नेली. मोठ्या बहिणी धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन येत आणि त्यांच्यापायी त्यांना शिकता येत नसे, म्हणून शाळेला पाळणाघर जोडले गेले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले दिवसभर गुरांमागे असतात असे दिसले, तेव्हा अनुताईंनी कुरणशाळा काढली आणि शिक्षक गुरांच्या पाठोपाठ कुरणात गेला. माँटेसोरीच्या महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने आली.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्या दोघींनी माँटेसोरीचे तत्त्व सोडले नाही. हाताने हाताळून, क्रमाने, स्वतःच्या गतीने शिकण्याचे ते तत्त्व त्यांना इतके आकळले होते की ते कोणत्या वस्तूतून साधायचे याबद्दल त्या निर्धास्त होत्या. शिंपल्यांची प्रतवारी लावताना मूल लहान-मोठे शिकते, हे ज्याला कळले त्याला परदेशी लाकडी दांड्यांच्या पेटीची मंजुरी येईपर्यंत थांबावे लागत नाही. आणि अंगणात बालवाडी नेण्याच्या ज्या कल्पनेचा जन्म अशा रीतीने एका अडचणीतून झाला, तिचेच नाव १९७५ साली २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांना मिळाले. ताराबाई त्यापूर्वी दोन वर्षे निवर्तल्या होत्या. आज देशभर अंगणवाडी हा शब्द सरकारी कागदावर रुजू झाला आहे. अंगणात जाण्यामागचा तो निर्णय मात्र कोणत्याही नियमपुस्तिकेत लिहून ठेवता येण्याजोगा नव्हता.

लिहून ठेवू पाहिले की काय होते, याचा दाखला नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला महात्माजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा तयार केला, आणि सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने नई तालीमची शाळा चालवून दाखवली. या शिक्षणाचे मर्म समवाय पद्धतीत होते. मूल कापूस पिंजताना, सूत काढताना, भाजी लावताना जो प्रश्न विचारील त्यातून गणित, भूगोल, इतिहास उलगडत न्यायचा. तुटलेल्या धाग्यातून पिळाची गोष्ट निघेल, कापसाच्या भावातून लँकेशायरच्या गिरण्यांची निघेल, की वाफ्यातल्या किडीतून जीवशास्त्र निघेल, हे सकाळी सांगता येणे शक्य नव्हते. म्हणून या पद्धतीचा शिक्षक बहुश्रुत आणि सावध असणे ही तिची पहिली अट होती. पुढे ही पद्धत सरकारी हुकुमाने शाळाशाळांत पोहोचली तेव्हा टकळी पोहोचली, पेळू पोहोचले, आठवड्याचे तास ठरले. तो बहुश्रुत आणि सावध शिक्षक हुकुमाने पोहोचवता आला नाही. अनेक ठिकाणी सूत कातणे हा आणखी एक विषय झाला, आणि कालांतराने तो वेळापत्रकातून नाहीसा झाला. सेवाग्रामच्या आनंद निकेतनमध्ये आजही मुले शेतात आणि स्वयंपाकघरात शिकताना दिसतात, ती तिथल्या शिक्षकांच्या बळावर.

अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर २०२३-२४ या वर्षापासून राज्याने दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत टिपणांसाठी कोरी पाने घातली, आणि २०२५ च्या जानेवारीत तो निर्णय मागे घेतला. पानांत दोष नव्हता. वर्गात लिहून ठेवण्याजोगे काही घडावे यासाठी शिक्षकाला जी फुरसत आणि मुभा लागते ती पानांबरोबर आली नाही.

याच संदर्भात एका धोक्याची नोंद केली पाहिजे. नागपूरने प्रसंगावधानाचे दोन सुंदर आदर्श उभे केले आहेत. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली मुले पाहिली, आणि त्या दृश्यातून झोपडपट्टी फुटबॉल ही चळवळ उभी राहिली. दुसरे उदाहरण अपूर्व विज्ञान मेळाव्याचे. महानगरपालिकेच्या शाळांतली मुले तिथे बाटल्या, फुगे, नळ्या, चुंबके अशा घरगुती वस्तूंनी केलेले प्रयोग येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतः समजावून सांगतात, आणि खासगी शाळांतली मुले त्यांच्यासमोर रांगेने उभी राहून ऐकतात. दोन्हींचे मोल फार आहे. परंतु बारसे सरांनी त्या मुलांना बादलीवरच ठेवले नाही. त्यांनी पहिल्याप्रथम त्यांच्या हाती फुटबॉल दिला, मग स्पर्धा भरवल्या, आणि पुढे त्यांचे खेळाडू बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेले. टाकाऊतून टिकाऊ करणाऱ्या शिक्षकाचे कौतुक करायचे आणि त्याच कौतुकाच्या आडोशाने प्रयोगशाळेच्या साहित्याची मागणी वर्षानुवर्षे दप्तरी दाखल करून ठेवायची, हे घडते, आणि ते अन्यायाचे आहे. सूक्ष्मदर्शकाची जागा कोणतीही बाटली घेऊ शकत नाही. ज्या शाळेत सूक्ष्मदर्शक आहे तिथेही डबक्यातले पाणी आणायचे शिक्षकालाच सुचावे लागते. त्याच्या सुचण्यावर भार टाकून सरकारला स्वतःची जबाबदारी मात्र झटकता येणार नाही.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप गंभीर आहे. राज्यात शिक्षक लाखांनी मोजावे लागतात. त्यांतले सगळेच त्या बाईंसारखे नसतात, काही आळशी असतात, काही विषयात कच्चे असतात, आणि मोकळीक दिली तर गप्पांत तास घालवून त्यालाच उत्स्फूर्त अध्यापन म्हणणारेही निघतील. अशा वर्गांतल्या मुलांना टाचणाचा नियम हाच आधार आहे. या आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणून टाचण बंद करा असे मी म्हणत नाही. पण वही पूर्ण आहे की नाही एवढेच तपासल्याने आळशी शिक्षक सापडत नाही, कारण वही पूर्ण ठेवणे त्याला सर्वांत चांगले जमते. मागच्या वर्षीची वही या वर्षी उतरवून काढण्याला किती वेळ लागतो? या तपासणीत सापडतो तो मार्ग सोडून मुलांच्या मागे गेलेला, आणि शेरा पडतो तो त्याच्यावर.

वेळेचाही प्रश्न आहे. शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरला, आणि त्यात पूर्वतयारीचे तास अंतर्भूत केले. ही तरतूद शहाणपणाची आहे. प्रत्यक्षात ते तयारीचे तास ऑनलाइन माहिती भरण्यात, छायाचित्रे चढवण्यात, मतदारयाद्यांच्या कामात आणि पोषण आहाराच्या हिशेबात जातात, हे प्रत्येक मुख्याध्यापक सांगेल. ज्याला वाचायला सवड नाही त्याच्याकडून ऐनवेळी काही सुचण्याची अपेक्षा करणे म्हणजे विहिरीत झरा नसता पोहरा सोडत राहणे होय.

करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. टाचण वहीत समोरासमोरच्या दोन पानांपैकी डावे पान पाठापूर्वीच्या योजनेला आणि उजवे पान पाठानंतरच्या नोंदीला द्यावे: कोणत्या प्रश्नाने पाठ वळला, काय राहिले, मुलांना काय कळले नाही, उद्या कुठून सुरुवात. केंद्रप्रमुखाने आणि विस्तार अधिकाऱ्याने आधी उजवे पान वाचावे, आणि ते महिनोन्‌महिने डाव्या पानासारखेच आढळले तर त्या शिक्षकाच्या वर्गात जाऊन बसावे. केंद्राच्या दरमहा होणाऱ्या शिक्षण परिषदेत सूचनांचे वाचन आटोपते घेऊन या उजव्या पानांवर चर्चा व्हावी. डस्टर बांधलेला बैल तेवढ्याच अंतरावर का थांबला, हे त्या बाईंना तिथे कोणीतरी सांगितले असते, किंवा सगळ्यांनी मिळून शोधले असते. सराव पाठाला गुण देताना परीक्षकाने एक तरी प्रश्न आखणीबाहेरचा मुलांकडून येऊ द्यावा आणि भावी शिक्षक त्याचे काय करतो ते पाहावे.

वेळापत्रकही थोडे सैल असावे. नागपूर २१ अंश अक्षांशाच्या किंचित उत्तरेस असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पहिला प्रसंग मेच्या शेवटच्या आठवड्यात, शाळा बंद असताना येतो. दुसरा जुलैच्या मध्यावर, शाळा भरलेली असताना, पण आभाळ भरून आलेले असताना. त्या दिवशी सव्वाबाराच्या सुमारास दहा मिनिटे ऊन पडले, तर तास मराठीचा असो की गणिताचा, सगळी शाळा मैदानात आली पाहिजे, आणि मुख्याध्यापकाला त्याबद्दल कोणालाही कैफियत द्यावी लागू नये.

पालकांनाही माझी एक विनंती आहे. संध्याकाळी वही उघडल्यावर विज्ञानाच्या तासाला काहीच लिहून दिलेले नाही असे दिसले, तर शाळेकडे तक्रार नेण्यापूर्वी आज वर्गात काय झाले हे आपल्या मुलाला विचारा, आणि तो सांगू लागला तर त्याचे पूर्ण ऐकून घ्या. जिल्हा परिषदेच्या आणि महानगरपालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना सांगणे इतकेच की टाचण वहीतल्या त्या उजव्या पानासाठी निधी लागत नाही. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात. ते मधले दिवस वह्यांचा नमुना बदलायला पुरेसे आहेत.